डेव्हलपरच्या बाटलीत असतं तरी काय?

मराठीत आपण रोल 'धुवायला' टाकतो. शब्द घरगुती आहे, पिढ्यानपिढ्या तोंडात बसलाय, पण त्याने एक गैरसमज पक्का करून ठेवला आहे. चित्र फिल्मवर आधीच उमटलेलं असतं आणि वरचा मळ तेवढा काढायचा असतो, असं त्यावरून वाटतं. खरं तर डेव्हलपरमध्ये घालण्याआधी फिल्मवर डोळ्याला दिसेल असं काहीच नसतं. आणि डेव्हलपर फिल्मवरून काही काढत नाही, तो तिथे चांदी घडवतो.

फिल्मचे कॅमेरे कपाटांतून पुन्हा बाहेर निघू लागल्यापासून दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "कॉफीत रोल धुता येतो म्हणे, खरं का?" आणि "तापाच्या गोळ्यांपासून डेव्हलपर बनतो, ही थाप ना?" पहिलं खरं आहे आणि दुसरी थाप नाही. पण ऐकणाऱ्याला दोन्ही जादूचे प्रयोग वाटतात, कारण साधा, कंपनीचा डेव्हलपर म्हणजे तरी काय हेच कुणी सांगितलेलं नसतं. ते एकदा समजलं की कॉफी, गोळ्या आणि दुकानातलं पाकीट हे तिन्ही एकाच कुळातले निघतात. शिवाय ते कूळ काही फार मोठं नाही.

आधी फिल्मवर काय घडतं

कृष्णधवल फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक. ब्रोमाइडशी जखडलेली ही चांदी प्रकाशाला हळवी असते. शटर उघडलं की ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात चांदीचे मोजून चार-पाच अणू मोकळे होऊन एके ठिकाणी जमतात. एका स्फटिकात चांदीचे कण अब्जावधी असतात आणि त्यातले सुटतात चार-पाच. म्हणूनच या टप्प्यावर चित्र दिसत नाही. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

शेतात गवताच्या हजारो गंज्या रचल्या आहेत आणि त्यातल्या काहींवर एकेक ठिणगी पडली आहे, असं समजा. लांबून पाहिलं तर सगळ्या गंज्या सारख्याच दिसतात. आता वारा सुटला. ठिणगी पडलेल्या गंज्या पेटतात आणि पूर्ण जळतात, बाकीच्या तशाच राहतात. डेव्हलपर हा तो वारा. ज्या स्फटिकात चार अणूंची ठिणगी आहे, त्या अख्ख्या स्फटिकाची तो काळी, धातुरूप चांदी करतो. ज्यात ठिणगी नाही त्याला शक्यतो हात लावत नाही.

'शक्यतो' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वारा फारच तापलेला असेल किंवा फार वेळ वाहिला, तर ठिणगी न पडलेल्या गंज्याही पेटू लागतात आणि सगळी निगेटिव्ह राखाडी होते. त्याला फॉग म्हणतात. डेव्हलपरच्या पाककृतीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच खटपटीसाठी असते: पेटायला हवं ते पेटावं आणि बाकीचं वाचावं.

न पेटलेले स्फटिक नंतर फिक्सर, म्हणजे हायपो, विरघळवून काढून टाकतो. 'धुणं' हा शब्द खरा शोभतो तो या पायरीला.

चार कामं, चार डब्या

कुठलंही सूत्र उघडा, नावं कितीही जडजंबाल असोत, आत चारच कामं सापडतील.

पहिलं काम चांदी मोकळी करण्याचं. हे करणाऱ्या पदार्थाला विकासक म्हणू. तो स्फटिकातल्या चांदीला इलेक्ट्रॉन देतो, चांदी धातू होऊन बसते आणि विकासक स्वतः खर्ची पडतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, फेनिडोन हे या घराण्यातले नावाजलेले. हायड्रोक्विनोनचा हा गुण १८८० मध्ये इंग्लिश संशोधक ॲब्नी यांनी दाखवला, मेटॉल १८९१ मध्ये बाजारात आलं, फेनिडोनचा उपयोग १९४० मध्ये इल्फर्ड या ब्रिटिश फिल्म कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. म्हणजे यातला सगळ्यात 'नवा' गडीसुद्धा ऐंशी वर्षं उलटून गेलेला आहे. इथे कसलंही गुपित उरलेलं नाही.

दुसरं काम विकासकाला कामाला लावण्याचं. नुसत्या पाण्यात विकासक सुस्त असतो, त्याला अल्कली लागते. बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, हलका धक्का देतो. धुण्याचा सोडा जोरात ढकलतो. कॉस्टिक सोडा तर लाथच मारतो. फिल्मसाठी सहसा हलका धक्का पुरतो, फोटोच्या कागदाला जोराचा लागतो, म्हणून कागदाच्या डेव्हलपरमध्ये सोडा आणि फिल्मच्या डेव्हलपरमध्ये टाकणखार अशी वाटणी दिसते.

तिसरं काम राखणीचं. विकासकाला इलेक्ट्रॉन देण्याची इतकी घाई असते की तो चांदीची वाट पाहत नाही, हवेतल्या ऑक्सिजनलाच देऊन मोकळा होतो. उघड्या भांड्यातला डेव्हलपर चहासारखा तांबूस होतो तो यामुळे. सोडियम सल्फाइट ही नासाडी रोखतं आणि खर्ची पडलेल्या विकासकालाही धरून बाजूला बसवतं, नाहीतर त्याचे डाग पडतात. हे सल्फाइट लिटरमागे शंभर ग्रॅम इतकं सढळ घातलं की आणखी एक गोष्ट होते. ते स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवतं, त्यामुळे चित्राचा कण मऊ, बारीक दिसतो. राखणदाराने फावल्या वेळात अंगण झाडावं तसं.

चौथं काम आवरण्याचं. पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट न पेटलेल्या स्फटिकांना सांभाळते, म्हणजे फॉग कमी करते. सौम्य सूत्रांत ते नसलं तरी चालतं.

एवढंच. पाकिटातल्या मालात पाण्याचा जडपणा मारणारे, पावडर टिकवणारे आणखी काही पदार्थ असतात, पण चित्र घडवणारी कामं हीच.

गवंडी आणि बिगारी

आता एक खरं सूत्र समोर ठेवू. डी-७६ हे कोडॅकचं सूत्र १९२७ पासून वापरात आहे आणि इल्फर्डचा आयडी-११ म्हणजे जवळजवळ तोच. नव्या फिल्मची तुलना करायची तर आजही लोक आधी याच्याशी करतात. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. पाणी सोडून चार पदार्थ.

पण थांबा, विकासक दोन का? एकाने भागत नाही?

बांधकामावर गवंडी आणि बिगारी कसे काम करतात ते आठवा. गवंडी भिंतीला चिकटून विटा लावतो, बिगारी त्याला घमेलं भरून देतो. गवंडी एकटा असला तर दर घमेल्यासाठी त्याला खाली उतरावं लागेल. बिगारी एकटा असला तर भिंत उभी राहणारच नाही. मेटॉल हा गवंडी. तो स्फटिकाला चिकटून चांदीला इलेक्ट्रॉन देतो आणि रिकामा होतो. शेजारी उभं असलेलं हायड्रोक्विनोन आपले इलेक्ट्रॉन त्याला देतं आणि मेटॉल पुन्हा कामाला लागतं. टाकणखाराच्या हलक्या धक्क्यात हायड्रोक्विनोनला एकट्याने जवळजवळ काहीच करता येत नाही, पण मेटॉलच्या जोडीला बसवलं की दोघांचं मिळून काम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं.

आणि गवंड्यानेच सगळं करायचं ठरवलं तर? तर गवंडी जास्त लागतील. डी-२३ नावाचं सूत्र नेमकं हेच करतं: मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी मिळून एक लिटर. बस्स, दोनच पदार्थ. टाकणखारसुद्धा नाही, कारण सल्फाइट स्वतःच किंचित अल्कलीधर्मी आहे आणि मेटॉलला तेवढं पुरतं. घरी पहिल्यांदा डेव्हलपर करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. दोन डब्या आणि एक तराजू, चुकायला जागा कमी. निगेटिव्हही मवाळ येते, म्हणजे उजेडाचे भाग जळत नाहीत आणि सावल्यांत तपशील राहतो.

आधी कोण, मग कोण

पदार्थ घालण्याचा क्रम म्हणजे पुस्तकी सोवळं नव्हे. डी-२३ करताना प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो.

साडेसातशे मिली पाणी साधारण ५० अंशांपर्यंत तापवायचं. भांड्याला हात लावला तर चटका बसत नाही, पण हात ठेवूनही देववत नाही, इतपत. त्यात आधी सल्फाइटची नुसती चिमूट टाकायची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मेटॉलवर तुटून पडणार नाही. मग मेटॉल. ही पावडर पांढरी, किंचित मळकट असते. ढवळलं की दोनेक मिनिटांत दिसेनाशी होते आणि पाणी पुन्हा नितळ होतं. ते पूर्ण नितळ झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग सल्फाइट, एकदम ओतून नाही, ढवळत ढवळत. एकदम ओतलं तर तळाशी सिमेंटसारखा गोळा बसतो आणि तो फोडताना हात भरून येतो. सगळं विरघळलं की थंड पाणी घालून लिटरची खूण गाठायची.

उलटं केलं, आधी सगळं सल्फाइट आणि मग मेटॉल, तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. पांढरे कण वर तरंगत राहतात, कितीही ढवळा. सल्फाइटने गच्च भरलेल्या पाण्यात त्याला जागा मिळत नाही. म्हणून जुन्या सूत्रांत पदार्थ ज्या क्रमाने छापलेले असतात, तो घालण्याचाच क्रम असतो. वरून खाली वाचायचं, एक विरघळला की दुसरा.

नावांचा घोळ, आणि त्यात मी कसा सापडलो

घरी डेव्हलपर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण रसायनशास्त्र नाही, डबीवरचं लेबल आहे.

सल्फाइट, सल्फेट, बायसल्फाइट, थायोसल्फेट. चारही सोडियमचे, चारही पांढरे, चारही या छंदात कुठे ना कुठे लागतात. राखणदार फक्त सल्फाइट. सल्फेट ही राखण करत नाही. त्याचा उपयोग उकाड्यात, जिलेटिन फार फुगू नये म्हणून काही सूत्रांत घालण्यापुरता. थायोसल्फेट म्हणजे तर हायपो, तो चुकून डेव्हलपरमध्ये पडला तर घडायच्या आधीच चित्र विरघळायला लागेल.

दुसरी जोडी कार्बोनेट आणि बायकार्बोनेटची. पहिला धुण्याचा सोडा, दुसरा खाण्याचा. खाण्याचा सोडा डेव्हलपरला धक्का द्यायला फार दुबळा. पण तो कोरडा तापवला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचाच सोडा उरतो, १०० ग्रॅमचा साधारण ६३ ग्रॅम.

तिसरा घोळ मात्र लेबलवर दिसतही नाही, आणि मी त्यातच अडकलो. धुण्याचा सोडा तीन रूपांत येतो. निर्जल, म्हणजे कोरडी भुकटी. एक रेणू पाणी धरलेला. आणि दहा रेणू पाणी धरलेला, काचेसारखे मोठे खडे असलेला. खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. कॉफीचा डेव्हलपर करताना सूत्रात ५४ ग्रॅम निर्जल सोडा होता, मी हौसेने ५४ ग्रॅम खडे मोजून घातले. घालायला हवे होते सुमारे १४६. त्यातच सूत्रातलं व्हिटामिन सी हे आम्ल, म्हणजे होता तेवढ्या सोड्यातलाही निम्मा ते आम्ल मारण्यात गेला. छत्तीस फोटो निघाले ते धुक्यातून पाहावं तसे. निगेटिव्ह उजेडासमोर धरली तर चेहऱ्यांच्या जागी फिकट राखाडी पुसट डाग, सावल्यांत काहीच नाही. दोष ना फिल्मचा, ना कॉफीचा.

खड्यांची आणखी एक खोड अशी की उघडे ठेवले तर ते हवेत पाणी सोडत सोडत वरून पांढरे, भुसभुशीत होतात. मग त्या डब्यात ना धड दहा पाण्यांचा सोडा असतो ना धड एकाचा, आणि कोणताही हिशेब लागू पडत नाही. उपाय एकच: पसरट भांड्यात तापवून पाणी पूर्ण उडवायचं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचं. सल्फाइटचंही असंच, सात रेणू पाणी धरलेलं सल्फाइट मिळालं तर निर्जलच्या दुप्पट घालावं लागतं.

मग कॉफीचं काय?

चार कामांची यादी हातात असली की कॉफीचं कोडं दोन वाक्यांत सुटतं. कॉफीत कॅफेइक आम्लाच्या कुळातली द्रव्यं असतात आणि ती विकासकाचं काम करतात. त्यांना ढकलायला धुण्याचा सोडा.

नावावरून वाटतं तसा कॅफीनचा इथे काही संबंध नाही. कॅफीन काढून टाकलेली कॉफीही चालते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे करून दाखवलं आणि 'कॅफेनॉल' हे नाव रूढ झालं. नंतर त्यात व्हिटामिन सी आलं, आणि तोही विकासकच असल्यामुळे धुण्याची वेळ बरीच घटली. आज सर्वांत जास्त वापरात असलेली कृती लिटरमागे निर्जल सोडा ५४ ग्रॅम, व्हिटामिन सी १६ ग्रॅम, झटपट कॉफी ४० ग्रॅम अशी आहे. २० अंशांना पंधरा मिनिटं. जास्त वेगाच्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या, फिल्मला फॉग येतो, त्यासाठी एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड. म्हणजे चौथी डबीही आलीच. नाही ती फक्त तिसरी, राखणदाराची. म्हणून हे मिश्रण टिकत नाही. केलं की त्याच दिवशी वापरायचं.

वास मात्र असह्य. कॉफीचा सुगंध सोड्याला भेटल्यावर जे होतं त्याला कुजलेल्या गवतापासून ओल्या गोणपाटापर्यंत बऱ्याच उपमा दिल्या जातात, सगळ्या सौम्य आहेत.

वनस्पतींतून विकासक काढण्याची कल्पना नवी समजू नका. १८४० च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅल्बट यांना सुप्त प्रतिमा पहिल्यांदा उलगडता आली ती गॅलिक आम्लाने, आणि गॅलिक आम्ल म्हणजे आपल्या मायफळात असतं तेच. बाळगुटीचं मायफळ आणि फोटोग्राफीचा आरंभ यांचं हे नातं मला कळलं तेव्हा मी बराच वेळ एकटाच हसत होतो.

आणि तापाच्या गोळ्या?

१८९१ मध्ये आग्फाने रोडिनाल नावाचा डेव्हलपर आणला. दाट, काटकसरी, वर्षानुवर्षं टिकणारा. त्यातला विकासक पॅरा-अमिनोफेनॉल. आता पॅरासिटामॉल म्हणजे काय? त्याच पॅरा-अमिनोफेनॉलला एक ॲसिटिल नावाची टोपी घातलेली. कॉस्टिक सोडा ती टोपी काढून घेतो. मेटॉलही याच घरातलं, फक्त त्याची टोपी वेगळी.

म्हणून ५०० मिलीग्रॅमच्या तीस गोळ्या, सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम आणि पाणी मिळून २५० मिली अशी कृती चालते. टोपी निघायला वेळ लागतो, बाटली तीनेक दिवस तशीच ठेवायची. रंग हळूहळू गडद होत जातो आणि गोळ्यांतला भुसा तळाशी बसतो. वापरताना पन्नासपट पाणी. पण ही कृती नवख्याने आधी करू नये. कारण पुढे येतंच आहे.

घरात हे करणं धोक्याचं नाही का?

काही भाग आहे, काही नाही, आणि सगळ्याला एकाच मापाने घाबरणं चूक.

सल्फाइट, टाकणखार, धुण्याचा सोडा यांना साबणाच्या पावडरीइतकंच जपायचं: डोळ्यांत जाऊ द्यायची नाही, नाकात ओढायची नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी सल्फाइटपासून जास्त सांभाळावं, आणि सल्फाइटमध्ये आम्ल ओतू नये, गंधकाचा घुसमटवणारा वायू सुटतो. मेटॉलची गोष्ट निराळी. ते काहींच्या कातडीला मानवत नाही, आणि गंमत म्हणजे वर्षभर काही होत नाही, मग एक दिवस बोटांना खाज सुटते आणि त्यानंतर थेंबही सहन होत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून हातमोजे. हायड्रोक्विनोनची धूळ डोळ्यांना वाईट. पायरोगॅलॉल हे जुनं, सुंदर निगेटिव्ह देणारं द्रव्य खरोखर विषारी आहे. त्याच्या वाटेला पुष्कळ अनुभवानंतर जावं, किंवा जाऊच नये.

सगळ्यात आडदांड कॉस्टिक सोडा. पाण्यात पडला की पाणी उकळीला येईल इतका तापतो. नियम एकच: सोडा थंड पाण्यात थोडा थोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. आणि सगळीकडून बंद असा संरक्षक चष्मा. डोळ्यांवरचा हा चष्मा नसेल तर गोळ्यांची कृती करू नका, इतकं सरळ आहे ते.

भांडी, चमचे, मोजपात्रं वेगळी हवीत आणि ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. बाटलीवर नाव आणि तारीख. थंड पेयाच्या बाटलीत डेव्हलपर भरून ठेवणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या घरी काही पीत नाही.

वापरलेल्या द्रावणांत चिंतेचं जास्त फिक्सरचं, कारण फिल्मवरची उरलेली चांदी त्यात उतरलेली असते. तो साठवून रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा.

तंतोतंत माप नाही जमलं तर?

कुठे जमायलाच हवं आणि कुठे ढिलं चालतं हे कळलं की भीती जाते. शंभर ग्रॅम सल्फाइटचं अठ्ठ्याण्णव झालं तर कुणाला कळणार नाही. पण दोन ग्रॅम मेटॉलमध्ये एक पंचमांश ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. एक दशांश ग्रॅम दाखवणारा तराजू मेटॉलला जेमतेम पुरतो.

फेनिडोन मेटॉलच्या जागी घ्यायचं तर ते साधारण एक दशांश लागतं, म्हणजे लिटरला ०.२ ग्रॅम. हे कुठल्या तराजूवर तोलणार? तोलायचं नाहीच. एक ग्रॅम फेनिडोन १०० मिली प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून ठेवायचं आणि त्यातलं २० मिली मोजून घ्यायचं. तराजूचं काम मोजपात्राने केलं.

चमच्याने मोजू नका. तोच चमचा एका पावडरीचा गच्च भरतो, दुसरीचा भुसभुशीत.

तापमान हे तर पदार्थांपेक्षाही जास्त फसवतं. धुण्याच्या वेळा बहुतेक २० अंशांना धरून दिलेल्या असतात. त्यावर प्रत्येक अंशाला वेळ अंदाजे दहा टक्के कमी धरावी. इल्फर्डची एचपी-५ प्लस ही फिल्म आयडी-११ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं, आणि त्यात तितकंच पाणी मिसळलं तर तेरा. मी पाणी मिसळूनच वापरतो. सल्फाइट निम्मं झाल्याने कण थोडा उठून दिसतो पण कडा धारदार येतात, आणि एकदा वापरून टाकून द्यायचं असल्याने जुन्या द्रावणात किती दम उरलाय हा हिशेबच उरत नाही. पाच मिनिटांहून कमी वेळ येत असेल तर पाणी थंड करा, नाहीतर आकाशात पट्टे दिसतील.

मग पाकीटच का घेऊ नये?

घ्यावं की. वर्षाला चार रोल धुणाऱ्याने हा खटाटोप करू नये. पाकिटातला डी-७६ घरच्यापेक्षा वाईट नसतो; घरी केल्याने चित्रात काही गूढ सौंदर्य उतरतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दोन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे मलाही सांगता येणार नाही.

फरक इतर ठिकाणी पडतो. पाकीट एकदम मिसळावं लागतं, अर्धं आज आणि अर्धं पुढच्या महिन्यात असं करता येत नाही, कारण आतल्या भुकट्या सारख्या पसरलेल्या असतीलच असं नाही. कोरड्या डब्यांतून मात्र अर्धा लिटरही करता येतो, आणि झाकण घट्ट असेल तर या डब्या वर्षानुवर्षं टिकतात. विरघळलेला डेव्हलपर भरलेल्या, घट्ट बाटलीत काही महिने, अर्ध्या बाटलीत त्याहून बराच कमी. आणि मालाचं उत्पादन थांबतं, नावं बदलतात, कारखाने बंद पडतात. मेटॉल आणि सल्फाइट मिळतंय तोवर डी-२३ बंद करणं कुणाच्याच हातात नाही.

टिकण्याबद्दल एक इशारा. तांबूस झालेला मेटॉल-हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर निदान रंगावरून आपली अवस्था सांगतो. व्हिटामिन सीच्या कुळातले डेव्हलपर तसं सांगत नाहीत. १९९६ मध्ये आलेला कोडॅकचा एक्सटॉल याच कुळातला, आणि अशा द्रावणांची ख्याती अशी की काल ठणठणीत, आज दिसायला तितकंच नितळ, पण मेलेलं. पाण्यातले लोखंडाचे आणि तांब्याचे अंश हा ऱ्हास वेगाने घडवतात, म्हणून त्यांना डिस्टिल्ड वॉटरच वापरावं. डी-७६ ची खोड उलटी: ठेवून ठेवून तो आधी थोडा जास्तच तेज होतो, कारण सल्फाइट आणि हायड्रोक्विनोनच्या झटापटीत थोडी अल्कली तयार होते. ती शोषून घ्यायला टाकणखार वाढवून सोबत बोरिक आम्ल घातलेली त्याची एक आवृत्तीही आहे, दोन्ही लिटरला आठ-आठ ग्रॅम.

रोल आत घालण्याआधी

फिल्म टँकमधल्या, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या डब्यातल्या, रीळावर चढवताना तिची पुढची अरुंद जीभ कापून टाकावी लागते. ती कचऱ्यात टाकू नका. कॅमेऱ्यात भरताना तिच्यावर भरपूर उजेड पडलेला असतो, म्हणजे तिच्यातली प्रत्येक गंजी ठिणगी घेऊन बसलेली आहे.

घरचा डेव्हलपर तयार झाला की लहान वाटीत थोडा घ्या आणि ही जीभ दिवसाउजेडी अर्धी बुडवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही वाटत नाही. मग बुडालेला भाग करडा व्हायला लागतो, कडेपासून नाही, सगळीकडून एकदम, आणि काही मिनिटांत कोळशासारखा काळा होतो. वर राहिलेला अर्धा फिकटच. दोहोंतली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. किती वेळात काळं झालं ते घड्याळ लावून वहीत लिहा, पुढच्या वेळी तेच द्रावण तपासायला हाच आकडा उपयोगी पडेल.

दहा मिनिटांनंतरही तुकडा नुसता धुरकट राहिला असेल तर टँकचं झाकण उघडू नका, रोलला आत अंधारात काही होत नाही. आधी डब्या पुन्हा बाहेर काढा, आणि सोडा भुकटीचा घातला होता की खड्यांचा ते बघा.